गाडीचं विटलेलं प्लास्टिक : आधी ओळखा, मग धुवा, शेवटी लावा

घाटनांदूरमध्ये बाजारच्या दिवशी उभ्या असलेल्या गाड्या नीट पाहा. बोलेरो असो, स्विफ्ट असो की इको, पत्र्याचा रंग बऱ्यापैकी टिकलेला असतो, इंजिनाची तक्रार नसते, टायरही चांगले असतात. पण बंपर, चाकांवरच्या कमानी, दारावरच्या पट्ट्या, वायपरखालची जाळी आणि आरशांची खोळ मात्र राखाडी, पांढुरकी पडलेली असते. पाच-सहा वर्षांची गाडी त्यामुळे पंधरा वर्षांची वाटते. विकायला काढली की गिऱ्हाईक सगळ्यात आधी याच भागांवर बोट ठेवतं.

यावर आपल्याकडे ठरलेला इलाज म्हणजे डिझेलचा बोळा किंवा खोबरेल तेल. दोन दिवस प्लास्टिक काळंभोर दिसतं, तिसऱ्या दिवशी त्यावर धुळीचा थर बसतो आणि आठवड्याभरात ते आधीपेक्षा वाईट दिसायला लागतं. म्हणून अनेकांची समजूत झाली आहे, की एकदा विटलेलं प्लास्टिक काही सुधारत नाही. ही समजूत चुकीची आहे. बहुतेक गाड्यांचं प्लास्टिक घरच्या घरी चांगलं करता येतं आणि ते अनेक महिने टिकतं. त्यासाठी कामाचा क्रम मात्र पाळावा लागतो. आधी दोष ओळखायचा, मग तळापासून साफ करायचं आणि शेवटी काय लावायचं ते ठरवायचं. आपण नेमकं उलट करतो, लावण्यापासूनच सुरुवात करतो.

विटतं म्हणजे नेमकं काय होतं?

प्रीमियर पद्मिनीच्या काळात बंपर लोखंडाचे आणि क्रोमचे असत. ते गंजत, पण उन्हाने विटत नसत. आजच्या गाड्यांचे न रंगवलेले काळे-करडे भाग बहुतेक पॉलिप्रोपिलीनचे असतात. इटलीच्या जुलिओ नाट्टा यांनी १९५४ मध्ये हे प्लास्टिक उपयोगात आणण्याजोग्या रूपात तयार केलं आणि १९६३ मध्ये कार्ल त्सीग्लर यांच्यासह त्यांना रसायनशास्त्राचं नोबेल मिळालं. हे प्लास्टिक हलकं, स्वस्त आणि चिवट असतं. लहानसा धक्का बसला तर वाकून परत जागेवर येतं. बंपरसाठी त्यात रबर आणि शंखजिऱ्याची पूड मिसळतात. सुटा केलेला भाग उलटा करून पाहिलात तर आतल्या बाजूला ‘पीपी’ किंवा ‘पीपी अधिक ईपीडीएम’ अशी इंग्रजी अक्षरं कोरलेली दिसतील.

या प्लास्टिकचा एक जन्मजात कमकुवतपणा म्हणजे ऊन. उन्हातले अतिनील किरण त्याच्या लांबच लांब रेणुसाखळ्या तोडतात. तुटलेल्या टोकांना हवेतला प्राणवायू चिकटतो आणि तोडफोड पुढे चालू राहते. उष्णता वाढली की ही क्रिया आणखी वेग घेते. हे होऊ नये म्हणून कारखान्यातच त्यात कार्बन ब्लॅक, म्हणजे काजळीची अतिशय बारीक पूड आणि काही संरक्षक रसायनं घालतात. शेतातल्या ठिबकच्या नळ्या काळ्या असतात त्याचं कारणही हेच. तो काळा रंग उन्हाचे किरण स्वतः शोषून घेतो आणि नळी वाचवतो. गाडीच्या प्लास्टिकमधली संरक्षक रसायनं मात्र वर्षानुवर्षांच्या उन्हात खर्च होत जातात आणि मग वरचा पातळ थर उघडा पडतो.

इथे एक दिलासा देणारी गोष्ट आहे. विटणं हे बहुतेक वेळा फक्त वरच्या पातळ थरापुरतं असतं, आतलं प्लास्टिक शाबूत असतं. वरच्या थरात डोळ्यांना न दिसणाऱ्या भेगा आणि खडबडीतपणा येतो, त्यावर उजेड विखुरतो आणि काळा भाग पांढुरका दिसतो. सुकलेली काळी माती फिकी दिसते आणि पावसाचा शिडकावा झाला की गर्द काळी होते, तेच इथेही घडतं. पाणी भेगांत भरलं की उजेड विखुरणं थांबतं. म्हणजेच रंग अजून आत आहे, फक्त पृष्ठभाग बिघडला आहे. पुढची सगळी दुरुस्ती या एका गोष्टीवर उभी आहे.

आपल्या भागात हे लवकर का होतं?

घाटनांदूर विषुववृत्ताच्या उत्तरेला पावणेएकोणीस अंशांच्या आसपास आहे. मे महिन्याच्या मध्याला इथे भर दुपारी सूर्य जवळपास बरोबर डोक्यावर येतो, त्यालाच आपण शून्य सावलीचा दिवस म्हणतो. पारा चाळिशीच्या पुढे, आकाश निरभ्र आणि ऊन सरळ वरून. अशा वेळी सगळ्यात जास्त मार बसतो तो आडव्या भागांना, म्हणजे वायपरखालच्या जाळीला, टपावरच्या पट्ट्यांना आणि बंपरच्या वरच्या कडेला. हेच भाग आधी पांढरे पडतात. हिवाळ्यात सूर्य दक्षिणेकडे कलतो, तेव्हा दक्षिणेकडे तोंड असलेल्या उभ्या भागांची पाळी येते. तुमच्या गाडीची एकच बाजू जास्त विटली असेल, तर ती रोज कुठे आणि कोणत्या दिशेने उभी राहते ते आठवून पाहा. उत्तर तिथेच सापडेल.

उन्हाच्या जोडीला आणखी दोन गोष्टी आहेत. एक म्हणजे धूळ. बालाघाटच्या पठारावरची काळ्या मातीची धूळ बारीक असते आणि प्लास्टिकच्या दाणेदार पृष्ठभागात घट्ट बसते. परळीकडे नेहमी जाणाऱ्या गाड्यांवर औष्णिक वीज केंद्राच्या राखेचाही थर बसतो. ही राख हाताला मऊ लागली तरी तिचे कण काचेसारखे टणक असतात. कोरड्या फडक्याने ती पुसली, तर प्रत्येक वेळी प्लास्टिकवर बारीक चरे पडतात. दुसरी गोष्ट म्हणजे बोअरचं पाणी. त्यात क्षार जास्त असले आणि उन्हात गाडी धुऊन तशीच वाळू दिली, की पाणी उडून जातं आणि क्षार मागे राहतात. अनेक गाड्यांचं प्लास्टिक विटलेलं नसतंच, त्यावर फक्त क्षारांची पांढरी पुटं चढलेली असतात.

आधी तपासणी : पाच मिनिटांचं काम

गाडी सावलीत आणा. एक हातभर भाग साबणाच्या पाण्याने धुऊन पूर्ण वाळू द्या आणि या चार चाचण्या करा.

१. पाण्याची चाचणी. वाळलेल्या भागावर ओलं फडकं फिरवा. ओला असताना तो काळा दिसला आणि वाळल्यावर पुन्हा फिका पडला, तर पृष्ठभाग बिघडला आहे पण रंग शाबूत आहे. अशा भागाला चांगलं कोटिंग लावलं की काम होतं.

२. ओला असतानाही राखाडीच दिसला तर. वरच्या थरातला रंग गेला आहे किंवा क्षारांचा जाड थर बसला आहे. पुढे सांगितल्याप्रमाणे क्षार काढा आणि चाचणी पुन्हा करा. तरीही राखाडीच राहिला, तर रंग द्यावा लागेल.

३. पांढऱ्या फडक्याची चाचणी. धुतलेल्या भागावर ओलसर पांढरं फडकं जोराने घासा. तपकिरी डाग आला तर धूळ अजून आत आहे. पांढुरकी भुकटी आली तर प्लास्टिकचा वरचा थर सुटतो आहे. काळं निघालं तर बहुधा आधी कुणीतरी पॉलिश किंवा रंग लावलेला आहे आणि तो आधी काढावा लागेल.

४. नखाची चाचणी. कोपऱ्यावर हलकेच दाबा. बारीक भेगा उघडल्या, तुकडा उडाला किंवा प्लास्टिक खारीसारखं कुरकुरलं, तर ते ठिसूळ झालं आहे. त्यावर पैसे घालू नका, तो भाग बदलणंच योग्य. पट्ट्या आणि जाळ्या अनेकदा सुट्या मिळतात. रंगाचं सामान आणण्याआधी परळी, अंबाजोगाई किंवा लातूरच्या स्पेअर पार्टच्या दुकानात नव्या भागाची किंमत विचारून घ्या.

धुणं : खरं काम इथेच आहे

२०१६ च्या एप्रिलमध्ये मिरजेहून रेल्वेने लातूरला पिण्याचं पाणी आणावं लागलं, हे आपण सगळ्यांनी पाहिलं आहे. म्हणून पाइप सोडून गाडी धुण्याची पद्धत इथे सांगणार नाही. प्लास्टिकचे भाग नीट साफ करायला दोन बादल्या पाणी पुरतं. पाणी शक्य असेल तर गोडं किंवा साठवलेलं पावसाचं वापरा. निदान शेवटचा हात तरी त्याच पाण्याचा असू द्या, म्हणजे क्षार राहणार नाहीत.

लागणारं सामान साधं आहे : गाडीचा शॅम्पू, मऊ केसांचा ब्रश, कोपऱ्यांसाठी जुना टूथब्रश, तीन-चार मायक्रोफायबर फडकी, फवारणीची बाटली, रबरी हातमोजे आणि मेडिकलमध्ये किंवा रंगाच्या दुकानात मिळणारं आयसोप्रोपिल अल्कोहोल.

आधी नुसत्या पाण्याने भाग भिजवा आणि सुटी धूळ, राख वाहून जाऊ द्या. ही पायरी गाळली तर ब्रशच तीच धूळ प्लास्टिकवर घासतो. मग एका बादलीत शॅम्पूचं पाणी आणि दुसरीत साधं पाणी घ्या. ब्रश शॅम्पूत बुडवून गोल-गोल घासा, साध्या पाण्यात झटकून धुवा आणि पुन्हा शॅम्पूत बुडवा. अशाने मळ शॅम्पूच्या बादलीत परत जात नाही. दाणेदार प्लास्टिकवर एकाच दिशेने घासून चालत नाही, आडवं आणि उभं असं दोन्हीकडून घासा. फेस पांढरा येईपर्यंत हे चालू ठेवा. पहिल्या वेळी तपकिरी, दुसऱ्या वेळी करडा आणि तिसऱ्या वेळी पांढरा फेस येतो, हा साधारण अनुभव आहे.

भांडी घासायची तारेची घासणी, कपड्यांचा कडक ब्रश आणि धुण्याचा सोडा यांपैकी काहीही वापरू नका. घासणीने दाणेदार नक्षी झिजते आणि तो भाग कायमचा चकचकीत डागासारखा दिसतो.

हट्टी डागांसाठी

*क्षारांची पुटं.* किराणा दुकानातलं लिंबूसत्त्व चहाचा एक चमचा घेऊन एक लिटर पाण्यात विरघळवा. फडकं त्यात भिजवून डागावर तीन-चार मिनिटं ठेवा, ब्रशने हलकं घासा आणि भरपूर पुसून घ्या. उन्हात हे करू नका आणि ते पाणी शेजारच्या रंगावर किंवा पत्र्यावर वाळू देऊ नका. फरशी आणि संडास धुण्याचं तीव्र अ‍ॅसिड मात्र चुकूनही वापरू नका. त्याने आसपासचे नटबोल्ट आणि पत्रा गंजतो आणि त्याची वाफ छातीला त्रास देते.

*पांढरं पॉलिश.* बॉडीला पॉलिश करताना ते कडेच्या काळ्या प्लास्टिकवर लागतं आणि पांढरट डाग राहतात. शाळेतल्या पांढऱ्या खोडरबराने ते बऱ्यापैकी निघतात. पुढच्या वेळी पॉलिश करण्याआधी प्लास्टिकच्या कडेला मास्किंग टेप लावा.

*हळद-कुंकू.* दसऱ्याला आणि नवी गाडी आणताना आपण बंपरवर हळद-कुंकू वाहतोच, ती आपली रीत आहे. पूजेनंतर दुसऱ्या दिवशी ओल्या फडक्याने पुसून घेतलं तर डाग राहत नाही. राहिलाच तर आयसोप्रोपिल अल्कोहोलचं फडकं फिरवा, कारण हळदीचा रंग पाण्यापेक्षा अल्कोहोलमध्ये चांगला सुटतो. साबण लावल्यावर हळदीचा डाग लाल झाला तर घाबरू नका. साबण अल्कधर्मी असतो, म्हणून तसं होतं. उरलेला फिका पिवळेपणा उन्हाने आपोआप उडतो.

*जुनं तेल आणि डिझेल.* आधी लावलेलं तेल काढल्याशिवाय नवं काहीही टिकत नाही. शॅम्पूचे दोन हात झाल्यावर आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि पाणी समप्रमाणात मिसळून त्याने पुसा. प्रत्येक वेळी फडक्याची स्वच्छ बाजू वापरा. फडकं स्वच्छ निघायला लागलं की थांबा. अल्कोहोल पेट घेतं, म्हणून जवळ विडी-सिगारेट किंवा चूल नको.

धुऊन झालं की गाडी किमान काही तास, जमल्यास रात्रभर सावलीत वाळू द्या. दाणेदार नक्षीत आणि फटींत पाणी राहतं आणि ओल्या प्लास्टिकवर कोटिंग धरत नाही.

काय लावायचं? तीन वाटा

पहिली वाट : ड्रेसिंग. दुकानात प्लास्टिक पॉलिश, ट्रिम ड्रेसिंग अशा नावांनी मिळणाऱ्या पातळ द्रवांत बहुधा सिलिकॉनचं तेल पाण्यात मिसळलेलं असतं. लावायला सोपं आणि स्वस्त. परिणाम काही आठवडे टिकतो, पावसाळ्यात त्याहून कमी. लग्नकार्याला गाडी न्यायची आहे किंवा विकायला दाखवायची आहे, तर हे चालतं. घेताना ‘वॉटर बेस्ड’ लिहिलेलं पाहून घ्या. लावल्यावर दहा मिनिटांनी कोरड्या फडक्याने जास्तीचं पुसून टाका. चिकटपणा राहिला की धूळ बसते.

दुसरी वाट : कोटिंग. ट्रिम कोटिंग किंवा सिरॅमिक ट्रिम कोटिंग नावाच्या छोट्या बाटलीतला द्रव प्लास्टिकच्या भेगांत शिरून कडक होतो. तेलासारखा तो वर ओला राहत नाही. पाण्याच्या चाचणीत तुमचा भाग काळा दिसला असेल, तर हाच खरा उपाय. चांगल्या तयारीवर लावलेलं कोटिंग अनेक महिने टिकतं. बाटलीवर दोन-तीन वर्षांचा दावा असला, तरी मराठवाड्याच्या उन्हात रोज उघड्यावर उभ्या राहणाऱ्या गाडीसाठी वर्षातून एकदा हात फिरवण्याची तयारी ठेवा.

तिसरी वाट : रंग. ओला असतानाही जो भाग राखाडी राहतो, त्याला मॅट किंवा सॅटिन काळा रंगच द्यावा लागतो. यात मेहनत जास्त आहे आणि चुकलं तर सालपटं निघतात. म्हणून गरज असेल तिथेच हे करा.

कोटिंग लावण्याची पद्धत

सकाळची वेळ निवडा. प्लास्टिक हाताला गार लागलं पाहिजे. वारा सुटला असेल किंवा शेजारी मळणी चालू असेल तर काम पुढे ढकला, कारण ओल्या कोटिंगवर बसलेली धूळ तिथेच कायमची राहते.

१. प्लास्टिकच्या सगळ्या कडेने पत्र्यावर आणि काचेवर मास्किंग टेप लावा. वायपरखालच्या जाळीवर काम करताना काच झाकायला विसरू नका. काचेवर कोटिंगचा धुरकट थर राहिला, तर रात्री समोरच्या दिव्यांनी काही दिसत नाही.

२. हातमोजे घाला. बाटलीवरच्या सूचना पूर्ण वाचा. थांबण्याचा वेळ प्रत्येक बाटलीचा वेगळा असतो आणि तोच प्रमाण मानायचा.

३. आधी बंपरच्या खालच्या, न दिसणाऱ्या कोपऱ्यात थोडं लावून पाहा. दुसऱ्या दिवशी तो भाग पाहूनच पुढे जा.

४. फोमच्या तुकड्यावर मोजके थेंब घ्या. एका वेळी वीतभर भागच घ्या. आधी आडवं, मग उभं पसरवा. जास्त लावल्याने जास्त काळं होत नाही, फक्त ओघळ आणि डाग पडतात.

५. सांगितलेला वेळ झाला की स्वच्छ मायक्रोफायबर फडक्याने हलका हात फिरवून सारखं करा. मग पुढचा भाग घ्या आणि दोन भागांच्या सांध्यावर थोडं चढवून लावा.

६. खूप विटलेल्या भागाला दुसरा हात लागतो. पहिला वाळल्यावर, बाटलीत दिलेल्या अंतराने तो द्या.

७. त्यानंतर निदान एक दिवस पाणी आणि दव लागू देऊ नका. शॅम्पूने धुणं साधारण आठवडाभर टाळा.

पत्र्यावर थेंब सांडला तर लगेच पुसा. वाळल्यावर तो पॉलिश केल्याशिवाय निघत नाही. वापरलेली फडकी पुन्हा काचेसाठी घेऊ नका.

रंगच द्यायचा असेल तर

पॉलिप्रोपिलीनवर रंग सहजासहजी चिकटत नाही. त्याचा पृष्ठभागच असा असतो, की रंग त्यावर पसरून धरण्याऐवजी थेंबाथेंबाने गोळा होतो. म्हणून साध्या प्रायमरवर केलेला रंग पहिल्याच उन्हाळ्यात सालीसारखा निघतो. रंगाच्या दुकानात खास ‘प्लास्टिक प्रायमर’ मागा. त्याशिवाय पुढे जाऊच नका.

शक्य असेल तर भाग गाडीवरून काढूनच रंगवा. बंपरमध्ये पार्किंग सेन्सर असतील किंवा समोरच्या भागात वायरिंग असेल, तर काढणं-बसवणं मेकॅनिककडे द्या. भाग धुवा, अल्कोहोलने पुसा, मग राखाडी स्कॉच पॅडने किंवा ६०० नंबरच्या पॉलिश पेपरने पाण्यात हलका हात फिरवा. चमक गेली की पुरे, नक्षी घासून काढायची नाही. पुन्हा अल्कोहोलने पुसा. प्लास्टिक प्रायमरचा एक पातळ हात द्या आणि डब्यावर सांगितलेल्या वेळेतच रंगाला सुरुवात करा. तो वेळ उलटला तर पकड कमी होते.

स्प्रेचा डबा वीतभर लांब धरा आणि हात न थांबवता फवारा. एक जाड हात देण्यापेक्षा तीन पातळ हात द्या आणि मध्ये वाळायला वेळ ठेवा. चकचकीत काळा नको, मॅट किंवा सॅटिनच घ्या. मूळ प्लास्टिक तसंच असतं आणि चकचकीत रंगात प्रत्येक चरा दिसतो. तोंडाला योग्य मास्क लावा आणि बंद खोलीत किंवा पिठाच्या गिरणीशेजारी हे काम करू नका.

हे टाळा

डिझेल, रॉकेल, जळकं ऑइल. हे लावल्याने दाराचे आणि काचेचे रबरी बीडिंग फुगतात, सैल होतात आणि पावसाळ्यात पाणी आत येतं. आगीचा धोका वेगळाच.

खोबरेल आणि शेंगदाणा तेल. ही तेलं वाळत नाहीत, नुसती चिकट राहतात आणि फुफाटा धरून ठेवतात.

जवसाचं तेल. हे मात्र वाळून थर धरतं, म्हणून ट्रिमच्या काही उत्पादनांतही ते असतं. पण त्यात भिजलेली फडकी गोळा करून कोपऱ्यात टाकली, तर वाळताना त्यातली उष्णता साठते आणि ती आपोआप पेट घेऊ शकतात. कुणी वापरणारच असेल, तर फडकी पाण्यात बुडवून ठेवा किंवा उघड्यावर पसरून वाळवा. गोठ्याजवळ किंवा कडब्याजवळ तर मुळीच टाकू नका.

हीट गन. मोबाइलवरच्या व्हिडिओत गरम हवेचा झोत फिरवला की प्लास्टिक क्षणात काळं होतं. ते खरंच होतं, कारण वरचा भेगाळलेला थर वितळून सपाट होतो. पण पॉलिप्रोपिलीन १६० अंशांच्या आसपास वितळतं आणि हीट गनचा झोत त्याच्या कितीतरी पुढे जातो. एक क्षण हात थांबला की नक्षी पुसली जाते, भाग वाकतो, शेजारच्या रंगाला फोड येतात. शिवाय उन्हाने संपलेली संरक्षक रसायनं काही परत येत नाहीत, म्हणून तो भाग लवकरच पुन्हा विटतो. गॅसच्या बत्तीने असं करणं तर धोक्याचंच.

थिनर. रंगाचा डाग काढायला थिनरचा बोळा घेऊ नका. जाळ्या, आरशांच्या खोळी आणि दिव्यांच्या काचा वेगळ्या प्लास्टिकच्या असतात. थिनरने त्या विरघळतात किंवा तडकतात.

पुन्हा विटू नये म्हणून

सावलीपेक्षा स्वस्त कोटिंग नाही. पत्र्याची शेड उभारणं जमत नसेल, तर कृषी सेवा केंद्रात मिळणारं शेडनेट चार खांबांवर ताणून बांधा. ते पन्नास, पंच्याहत्तर, नव्वद टक्के सावलीच्या मापात मिळतं. गाडीसाठी पंच्याहत्तर किंवा त्याहून जास्त घ्या. नेट गाडीवर टाकू नका, वर हवा खेळती राहील असं बांधा. कापडी कव्हर वापरायचं असेल तर गाडी स्वच्छ असतानाच घाला. धुळीच्या गाडीवर घातलेलं कव्हर वाऱ्याने घासत राहतं. सावली नसेलच, तर निदान गाडी उभी करण्याची दिशा दर काही दिवसांनी बदला.

वर्षाचं वेळापत्रकही सोपं आहे. मुख्य काम पावसाळा संपल्यावर, दसरा ते दिवाळीच्या दरम्यान करा. हवा बरी असते, पाणी असतं आणि धूळ कमी असते. उन्हाळा सुरू होण्याआधी, होळीच्या सुमारास, पाण्याची चाचणी पुन्हा करा. पाणी थेंबाथेंबाने निथळत असेल तर कोटिंग जिवंत आहे. पाणी पसरून मुरत असेल आणि ओला भाग लगेच गडद होत असेल, तर एक हात द्या आणि मगच मे महिन्याला सामोरं जा. एरवी आठवड्यातून एकदा ओल्या फडक्याने धूळ पुसणं पुरेसं आहे. कोरड्या फडक्याने कधीच नाही.

वॉशिंग सेंटरवाल्यांना काय सांगाल?

सगळ्यांनाच हे काम स्वतः करणं जमणार नाही. गाडी धुवायला देताना तीन गोष्टी स्पष्ट सांगा. प्लास्टिकवर डिझेल मारायचं नाही. टायरचं पॉलिश बंपरवर लावायचं नाही. धुतल्यावर गाडी उन्हात वाळत ठेवायची नाही. प्रेशरचा नळ प्लास्टिकच्या कडेला अगदी जवळ धरू नका, हेही सांगा. पाणी जोराने आत घुसलं की क्लिपा सुटतात आणि पट्टी हलायला लागते.

आणि वॉशिंग सेंटर चालवणाऱ्या तरुणांना एक आग्रहाची विनंती. ट्रिम कोटिंगचं काम मोठ्या शहरांतली डिटेलिंगची दुकानं करतात आणि त्याचे चांगले पैसे घेतात. त्याला मोठं यंत्र लागत नाही. सावली, स्वच्छ फडकी, एक बाटली आणि घाई न करणारा हात एवढंच लागतं. एका गाडीचा अर्धा बंपर करून द्या आणि अर्धा तसाच ठेवा. गिऱ्हाइकाला फरक दाखवण्यासाठी दुसऱ्या जाहिरातीची गरज पडणार नाही. गाडीमालकांनीही या कामाची योग्य मजुरी द्यायला हवी, कारण तासभर ब्रश फिरवण्यातच या कामाचं निम्म्याहून जास्त यश आहे. गावात हे कसब तयार झालं, तर त्यासाठी लातूर गाठावं लागणार नाही. कष्टाच्या पैशातून, हप्ते भरून घेतलेली गाडी अनेक वर्षं देखणी राहील आणि दोन मुलांच्या हाताला कामही मिळेल.